शेजारचं घर विकलं गेलं

आमच्या गावात कधी दंगल झाली नाही. हे मी आधीच सांगते, कारण लातूरला भावाकडे गेले की त्याचे शेजारी पहिल्यांदा तेच विचारतात, "तुमच्याकडं काही झालं होतं का?" काही झालं नव्हतं. दगड पडला नाही, दुकान जळलं नाही. तरी आमच्या गल्लीत मी लहानपणी ज्यांना काका, चाचा, अक्का म्हणत होते, त्यातलं आज एकही माणूस उरलेलं नाही.

गाव भोकर आणि हदगावच्या मधलं. कापसाचा बाजार, एक जिनिंग, बसस्टँड आणि त्याच्या मागं आमची गल्ली. आमचं भांड्यांचं दुकान होतं. खाली दुकान, मागं आणि वर घर. आम्ही लिंगायत. आजोबा उदगीरकडून इकडं आले होते, त्यामुळं आजी शेवटपर्यंत घरात कानडी बोलली. समोर दोन घरं तेलुगू विणकरांची. पलीकडं एक मारवाडी कुटुंब, पण ते इतकं जुनं की त्यांची म्हातारी शिव्यासुद्धा मराठीतच द्यायची. आणि आमच्या भिंतीला भिंत लागून चाचांचं घर. चाचा मणेर, म्हणजे मुसलमानांतले कासार. पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान, आत संसार. दुकानात चाचा बसायचे, पण बांगड्या भरायची ती चाची. बाईच्या हाताला पुरुषानं कशाला हात लावायचा, असं ती म्हणायची आणि चाचांना माल काढून द्यायच्या कामाला ठेवायची.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि चाचा रोज दुपारी दुकानाच्या पायरीवर बसायचे. गिऱ्हाईक त्या वेळी नसायचं. दोघं फार बोलायचे असंही नाही. आप्पा पेपर वाचायचे, चाचा ऐकायचे. चाचांना मराठी वाचता यायचं नाही, उर्दू यायचं. एखादी बातमी आवडली नाही की चाचा म्हणायचे, "आप्पा, पुढचं पान वाचा." आप्पा मुकाट्यानं पान उलटायचे.

माझं लग्न रेणापूरला झालं. लग्नाचा चुडा चाचीनंच भरला. तिसऱ्या वर्षी नवरा ट्रकखाली सापडून गेला आणि मी आप्पांच्या घरी परत आले. खरं म्हणजे आमच्यात विधवेनं बांगड्या काढाव्यात असं काही नाही, असं आप्पा नेहमी सांगायचे. पण रेणापूरच्या बायकांनी तेराव्याच्या आधीच माझे हात रिकामे केले होते, आणि आप्पा तिथं काही बोलू शकले नव्हते. मी आले तेव्हा अंगावर पांढरी साडी, हात उघडे. आईनंही ते तसंच राहू दिलं. मी घरातून बाहेर पडत नव्हते.

चार-पाच महिने गेले असतील. एक दिवस दुपारी चाची आमच्या मागच्या दारानं आत आली. हातात बांगड्यांची एक गुंडाळी होती. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "हात दे."

आई चुलीपाशी होती. ती घाईनं उठली. "अहो, काय करायलाव? लोक काय म्हणतील?"

चाचीनं वर पाहिलंसुद्धा नाही. माझा हात धरून बोटं चेपत, मऊ करत म्हणाली, "ताई, मी बांगड्या भरायले. लगीन नाही लावायले."

हिरव्या नव्हत्या, गडद जांभळ्या होत्या, काचेच्या. दोन्ही हातांत भरल्या. मग माझे दोन्ही हात हातात धरून ती रडली. नवरा गेल्यावर माझ्याजवळ येऊन रडणारी ती पहिली बाई. बाकीच्या सगळ्या मला रडवायला आल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात आप्पांनी माझा डी.एड.चा फॉर्म आणला. पुढं मला गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि मी तिथं बाई झाले. ते सगळं त्या दुपारी सुरू झालं असं मला वाटतं. आई मात्र बरेच दिवस चाचीशी बोलली नाही. मग तीही बोलायला लागली, कारण भिंत एकच होती आणि बोलल्याशिवाय राहणं जमत नव्हतं.

पहिल्यांदा तेलुगू कुटुंबं गेली. त्यात दुःख होतं, पण कडू काही नव्हतं. हातमाग बंद पडले, पोरं निजामाबादला कामाला लागली, मागून म्हातारी माणसं गेली. जाताना घरोघर भेटून गेली. त्यांच्या जागी बँकेचे कर्मचारी भाड्यानं आले आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलत राहिले. मग मारवाडी म्हातारी वारली आणि तिची नातवंडं नांदेडला मोठ्या रस्त्यावर गेली. त्याच काळात बाहेरगावची नवी माणसं गावात यायला लागली. फरशी बसवणारे बिहारचे, पाणीपुरीवाले उत्तर प्रदेशचे, मिठाईवाले राजस्थानचे. माझ्या पहिलीच्या वर्गात एका वर्षी अशी पोरं बसली होती की ती 'आई' शब्द वाचायची आणि 'माई' म्हणायची. मला त्यांचं काही वावगं वाटलं नाही. आमचे आजोबाही असेच कुठून तरी आले होते.

पण दुसरंही एक चाललं होतं, ते मला उशिरा दिसलं. गावातली मुसलमान घरं एकेक करून नाक्यापलीकडं जायला लागली. तिकडं माळावर प्लॉट पडले होते. आधी शिंपी गेला, मग सायकलवाला, मग आमच्या शाळेतले उर्दूचे गुरुजी. विचारलं की म्हणायचे, "तिकडं मोकळं आहे, बाई. हवा चांगली आहे." इकडं बसस्टँडमागं हवा वाईट होती असं तोपर्यंत कोणी म्हणालं नव्हतं. आणि तिकडं पलीकडं जी दोन-चार आमच्या लोकांची घरं होती, ती इकडं आली. कोणी कोणाला हाकललं नाही. एखाद्या ताटातले तांदूळ आणि डाळ कोणीतरी शांतपणे निवडत बसावं तसं ते झालं.

चाचा हलले नाहीत. त्यांचा मुलगा नांदेडला जुन्या गाड्यांचा धंदा करत होता. तो दर सुट्टीत येऊन म्हणायचा, "अब्बा, चला नांदेडला." चाचा म्हणायचे, "मी तिकडं दुपारी कोणाकडं बसू?"

आमच्या महादेवाची जत्रा चैत्रात भरते. देवळाच्या मागच्या मैदानात पालं ठोकतात. चाचांचं बांगड्यांचं पाल बारवेजवळ, त्यांच्या वडिलांपासून त्याच जागी. गावातल्या लेकी जत्रेला माहेरी आल्या की चाचीच्या पालात रांग लागायची. ती नाव विसरायची पण हात विसरायची नाही. "तू ती भोकरला दिलेली ना? हाडं वाढलीत तुझी. दोन नंबरचं माप चढणार नाही आता."

त्या वर्षी जत्रेच्या आधी फोनवर एक निरोप फिरला. कोणाकडून बांगड्या घ्यायच्या आणि कोणाकडून घ्यायच्या नाहीत, असा. मला तो शाळेतल्या एका शिक्षिकेनं दाखवला आणि म्हणाली, "खरं-खोटं देव जाणे, पण आपण कशाला उगाच?" मला वाटलं, फोनवर काय वाटेल ते येत असतं. पण आठवड्यानं चाचा जत्रेच्या पंचांकडं जागेचं विचारायला गेले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की या वर्षी बारवेजवळची जागा मोकळी ठेवायची आहे. दुसरीकडं द्या, म्हणाले, तर दुसरीकडंही नाही.

आप्पांना हे चाचांनी सांगितलं नाही. चाचीनं मला सांगितलं, मी आप्पांना. आप्पांनी पेपर खाली ठेवला, कपाळाला पुन्हा भस्म लावलं, टोपी घातली आणि देवळात गेले. पंचांत त्यांचे सगळे ओळखीचे. मी शाळेतून परत येताना देवळावरून आले, तर ते सभामंडपात बसलेले दिसले. समोर चहाचा कप होता, त्यातला चहा तसाच. मी बाहेर उभी राहिले.

आप्पा म्हणत होते, "त्याच्या बापाचं पाल होतं तिथं. माझ्या आईनं तिथं बांगड्या भरल्या. आज काय बदललं?"

"आप्पा, तुमचं बरोबर हाय," त्यांच्या वयाचे एक पंच म्हणाले. "आम्हाला काही अडचण न्हाई. पण पोरं ऐकून नाही राहिली. उद्या काही कमीजास्त झालं तर? त्याच्याच भल्यासाठी म्हणायलोत."

"मग पोरांना बोलवा. मी बोलतो."

एकजण उठून गेला आणि एका पोराला घेऊन आला. पोर म्हणजे तिशीतला गडी. त्यानं मला बाहेर पाहिलं आणि ओळखलं. माझ्याच वर्गात शिकला होता तो. फार हळवं पोर होतं, डबा सांडला तरी रडायचा. तो आप्पांच्या पाया पडला. म्हणाला, "आप्पा, तुम्ही मोठे आहात, तुम्हाला काय बोलायचं. पण ठरलंय ते ठरलंय." मग बाहेर येऊन माझ्याही पाया पडला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही यात पडू नका."

मी त्याला म्हणाले, "तुझ्या आईच्या हातात कोणी भरलेल्या बांगड्या आहेत रे?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. "म्हणूनच म्हणतो बाई," एवढंच बोलला आणि आत गेला. त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

घरी येताना आप्पा माझ्या पुढं चालत होते. कोणी त्यांचा अपमान केला नव्हता. सगळे पायाच पडले होते. त्यापुढं त्यांना काय करायचं ते सुचत नव्हतं. जत्रेत बारवेजवळ दुसऱ्याच कोणाचं पाल लागलं. मी गेले नाही, पण पाळण्यांचा आवाज घरी येत होता, आणि भिंतीपलीकडं चाचीची हालचाल ऐकू येत होती. ती दिवसभर भांडी घासत होती.

जत्रेनंतर गल्लीतल्या दुकानातही गिऱ्हाईक कमी झालं. येणाऱ्या बायका इकडंतिकडं बघून यायच्या. चाचीला ते सहन झालं नाही. आपल्याकडं चोरून यावं असं मी काय विकते, असं ती मला म्हणाली. त्यातच मुलानं आपल्या पोरीला नांदेडच्या शाळेत घातलं आणि घरी तिला बघायला आजी हवी होती. आषाढात एक दिवस टेम्पो आला.

आप्पांना त्या आठवड्यातच कळलं होतं. ते पायरीवर बसले होते, सामान चढताना बघत. चाचा त्यांच्याजवळ येऊन बसले.

"घर विकायच्या आधी मला विचारलं असतं तर?" आप्पा म्हणाले.

"विचारून काय झालं असतं? तुम्ही नको म्हणाला असता. मग मी थांबलो असतो." चाचांनी टेम्पोकडं पाहिलं. "आणि मग मी थांबलो म्हणून पोरगं इथं येत-जात राहिलं असतं. त्याला काही झालं असतं तर मी तुमच्याशी कधी बोललो नसतो, आप्पा. त्यापेक्षा हे बरं."

आप्पांनी मान हलवली. चाची आत येऊन आईच्या फोटोपुढं उभी राहिली. आई त्याआधी दोन वर्षं गेली होती. मग मला पोटाशी धरलं. गल्लीतली बाकीची माणसं आपापल्या दारात उभी होती, पण कोणी पुढं आलं नाही. बँकेतल्या साहेबांच्या बायकोनं मला नंतर विचारलं, "कोण होते हो ते? बदली झाली का?"

घर एका मिठाईवाल्या शेटजींनी घेतलं. ते राजस्थानातून येऊन बसस्टँडवर दुकान थाटून बसलेले. शेटजी, त्यांची बायको, मुलगा आणि नवी सून. वरची खोली त्यांनी फरशीच्या कामगारांना भाड्यानं दिली. माणसं वाईट नव्हती. पहिल्याच दिवशी पेढ्यांचा पुडा आला. सून विशीतली, डोक्यावरून पदर घेणारी. तिला मराठी येत नव्हतं. आप्पा पायरीवर बसलेले दिसले की ती दार अर्धं लावून घ्यायची, मोठ्या माणसासमोर यायचं नाही म्हणून. आप्पांना ते समजायचं, तरी ते लावलेलं दार बघून ते काही दिवसांनी पायरीवर बसेनासे झाले. आत खुर्ची टाकून बसायचे आणि पेपर मनातल्या मनात वाचायचे.

पुढच्या उन्हाळ्यात चाचीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं कळलं. आप्पा म्हणाले, "जाऊन येऊ." आम्ही सकाळच्या बसनं नांदेडला गेलो. स्टँडवरून रिक्षा केली. मी पत्ता सांगितला तसा रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "तिकडं कोण आहे तुमचं?"

"शेजारी," आप्पा म्हणाले.

रस्ता हळूहळू बदलत गेला. दुकानांच्या पाट्या मराठीतून उर्दूत गेल्या, रस्त्यावरच्या बायका बुरख्यातल्या दिसायला लागल्या. मला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं, मी त्याच माणसांत वाढले होते. तरी मी पदर सारखा केला. का केला ते मला माहीत नाही. आणि मग मी पाहिलं, की आप्पांनी खिशातून रुमाल काढला. त्यांनी चेहरा पुसला, मान पुसली, आणि मग कपाळ. एकदा नाही, दोनदा. भस्माचे तीन पट्टे गेले. मी त्यांना जन्मभर रिकाम्या कपाळानं पाहिलं नव्हतं. तापातसुद्धा नाही. त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बाहेर बघत राहिले. मीही दुसऱ्या बाजूला बघत राहिले.

चाचांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. चाची पलंगावर बसली होती, पाय उशीवर. आम्हाला बघून तिनं दोन्ही हात पसरले. मला जवळ घेतलं, माझे केस नीट केले. मग आप्पांकडं बघून तिचा चेहरा एकदम बदलला.

"हे काय भाईसाब? माथा खाली कायकू?"

"घाम आला," आप्पा म्हणाले. "पुसलं गेलं असेल."

चाचा खिडकीपाशी उभे होते, ते तसेच खिडकीबाहेर बघत राहिले. दोघांनाही समजलं होतं. चाचांनीही जत्रेच्या वर्षी बाजारात जाताना आपली टोपी घरी ठेवायला सुरुवात केली होती, हे मला चाचीनंच पुढं सांगितलं.

मुलानं चहा, खारी, कापलेली पपई आणली. त्याला आम्ही आल्याचं खरंच बरं वाटलं होतं. "काका, आता काही टेन्शन नाही," तो म्हणाला. "इथं सगळे आपलेच लोक आहेत." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो बशा उचलायला लागला.

आप्पांनी पिशवीतून त्या दिवसाचा पेपर काढला. "वाचू का?" त्यांनी विचारलं. चाचा येऊन खाली बसले. आप्पांनी पावसाचा अंदाज वाचला, कापसाचा भाव वाचला. मग एका बातमीवर ते थांबले. चाचा पुढचं पान वाचा म्हणतील म्हणून त्यांनी वाट पाहिली. चाचा म्हणाले, "वाचा की आप्पा. आता काय त्याचं?" आप्पांनी पेपर मिटला. उन्हाचं परत जायचं आहे म्हणून आम्ही लवकर निघालो.

त्याच वर्षी भावानं लातूरला फ्लॅट घेतला होता. तो आप्पांना तिकडं चला म्हणून मागं लागला. सोसायटी चांगली आहे, लिफ्ट आहे, क्लासेसच्या भागापासून दूर, शांत. आणि फोनवर म्हणाला, "आप्पा, सगळी आपलीच माणसं हायेत बघा." आप्पांनी फोन माझ्या हातात दिला. मला म्हणाले, "त्याला सांग, मला इथंच ठीक हाय." पण इथं त्यांना काय ठीक होतं ते मला दिसत नव्हतं. दुकान उघडायचे, संध्याकाळी बंद करायचे. स्टीलचं दुकान चौकात मोठं निघालं होतं. आमच्याकडं लग्नाच्या आहेराची भांडी घ्यायला यायचे ते जुने लोक, आणि ते गावात उरले नव्हते.

आप्पा पौषात गेले. सकाळी पूजेला बसले होते, तिथंच कलंडले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. भाऊ लातूरहून निघाला. मी चाचांना फोन केला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग मुलानं फोन घेतला आणि म्हणाला, "ताई, आम्ही येतो."

आमच्यात दहन नसतं, पुरतात. बसवलेल्या स्थितीत विमानात, म्हणजे सजवलेल्या डोलीत, घालून नेतात. दुपारी निघालो. गावातली बरीच माणसं होती, मंदिराचे पंच होते, जत्रेच्या वेळचं ते पोरही होतं. आमच्या स्मशानभूमीत जंगम मंत्र म्हणत होते आणि आप्पांना खड्ड्यात उतरवत होते, तेव्हा मला कुंपणाच्या बाजूला चाचा दिसले. फार वाळले होते. मुलगा त्यांच्या दंडाला धरून होता. ते पुढं येत नव्हते. जवळ उभा असलेला एक तरुण त्यांना विचारताना मी ऐकलं, "बाबा, कोणाकडचे तुम्ही?"

"आप्पांचा शेजारी."

"शेजारी तर शेटजी राहतात."

"हाव बेटा," चाचा म्हणाले. "त्यांच्या आधीचा."

मी जाऊन त्यांना हात धरून पुढं आणलं. माती द्यायची वेळ आली तसे सगळे एकेक मूठ टाकत होते. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, चालेल का अशा नजरेनं. मी मान हलवली. त्यांनी वाकून माती घेतली. गुडघे लवचिक राहिले नव्हते, मुलानं सावरलं. मूठ टाकली आणि ते ओठांत काहीतरी पुटपुटले. कोणी अडवलं नाही, ही गोष्ट खरी आहे, आणि ती मी लिहून ठेवते. पण कोणी ओळखही दाखवली नाही. ज्या गावात त्या माणसाचा जन्म गेला, तिथं नव्या पोरांना तो माहीत नव्हता, आणि पंच दुसरीकडं बघत होते.

परतताना चाचांनी मुलाला गाडी गल्लीतून न्यायला लावली. ते उतरले नाहीत. काच खाली करून आमच्या दारापाशी क्षणभर थांबले, त्यांच्या घराकडं पाहिलं आणि गेले.

तिसऱ्या दिवशी शेजारची सून जेवण घेऊन आली. भाऊ, वहिनी आत होते. मी मागं एकटीच बसले होते. ती माझ्याजवळ टेकली. वर्षभरात आमची ओळख झाली होती. मी तिला थोडं मराठी शिकवत होते, ती मला दारातून हाक मारायची.

"दीदी, वो गाडी में बुज़ुर्ग कौन थे? हमारा घर देख रहे थे. मैं डर गई."

मी म्हणाले, "तुझं घर आधी त्यांचं होतं."

तिला आश्चर्य वाटलं. "हमें तो बताया था कि किसी ठेकेदार का था, बरसों से बंद पड़ा था."

शेटजींना माहीत असणारच, कागद त्यांनीच केले होते. घरातल्या बायकांना कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, निदान या मुलीला माहीत असावं. मी तिला सगळं सांगितलं. चाचा, चाची, पुढच्या खोलीतलं बांगड्यांचं दुकान, माझे हात. ती मन लावून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले. मग तिनं अगदी सहज विचारलं, "मुसलमान थे?"

"हो."

तिनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "अच्छे लोग थे." आणि भांडी घेऊन घरी गेली.

आठवडा उलटला असेल. सकाळी शेजारून धुराचा आणि तुपाचा वास आला. पाट मांडल्याचे, मंत्रांचे आवाज आले. कोणीतरी घरभर पाणी शिंपडत होतं, ते उंबऱ्यावरून गल्लीत वाहत आलं. दुपारी सून प्रसादाची वाटी घेऊन दारात उभी राहिली. तिनं मान वर केली नाही.

"सासूजी से मैंने नहीं कहा था," ती म्हणाली. "उनसे कहा था." म्हणजे नवऱ्याला. "उन्होंने बता दिया. मैं नहीं चाहती थी दीदी."

मी तिच्याकडं पाहिलं. वीस-बावीस वर्षांची पोरगी, स्वतःच्या गावापासून इतक्या दूर, या गल्लीत माझ्याशिवाय तिला बोलायला कोणी नव्हतं. मी वाटी घेतली. शिरा होता, वेलदोड्याचा. तिच्यासमोर खाल्ला. कसा लागला ते मला सांगता येणार नाही.

"आप नाराज़ तो नहीं हैं?"

"नाही गं."

"आप तो यहीं रहोगी ना? भैया के पास लातूर नहीं जाओगी?"

मी वाटी विसळायला आत गेले. बदलीचा अर्ज मी त्या आधीच्या सोमवारी दिला होता. वाटी पुसून तिच्या हातात दिली, तेवढ्यात तिच्या सासूनं भिंतीपलीकडून हाक मारली आणि ती पदर सावरत धावत गेली.